कुंभकोणम्-परिसरातील तीन प्रत्यय : -कार, -दार आणि -आळ्

कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम् नगराला जुन्या तमिळ भक्तिवाङ्मयात 'कुडमूक्कु' असे नाव आढळते. 'कुडम्' म्हणजे घडा आणि 'मूक्कु' म्हणजे नाक. ह्याच क्षेत्राचे संस्कृत नाव 'कुंभघोण' असे आहे. त्यात घड्यासाठी 'कुंभ' आणि नाकासाठी 'घोणा' हे शब्द आले आहेत. एका सामासिक शब्दाचे दोन्ही अवयव दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे पालटून घेतल्याचे हे उत्तम उदाहरण होय. दोन भाषा शेजारी नांदू लागल्या म्हणजे शब्दांची देवघेव अशा रीतीने भाषांतराने होऊ शकते. तिची दुसरी रीत म्हणजे संपूर्ण शब्दच उचलून घेणे. परंतु ह्या दोहोंहून निराळा असा तिसराही प्रकार आहे. त्यात शब्दाचा पूर्वार्ध एका भाषेचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या भाषेचा असतो. म्हणजेच शब्द नव्हे, प्रत्ययच सीमा ओलांडतो.

कुंभकोणम् आणि तंजावूर हा प्रदेश ह्या तिसऱ्या प्रकाराच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे मराठी राजसत्ता होती, तीन शतकांहून अधिक काळ मराठी बोलणारी कुटुंबे तमिळ भाषकांमध्ये राहत आली आहेत आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तमिळ व संस्कृत-प्राकृत ह्यांचा संबंध चालत आला आहे. ह्या प्रदेशात माणसाचा व्यवसाय, अधिकार किंवा संबंध दाखविणारे तीन प्रत्यय एकत्र नांदताना दिसतात : संस्कृतमूलक '-कार', फारसीमूलक '-दार' आणि तमिळचे स्वतःचे '-आळ्'. परका प्रत्यय नेमका केव्हा आपला होतो, आणि तो आपला झाला म्हणजे समाजातील कोणत्या माणसाच्या वाट्याला येतो, हे दोन प्रश्न ह्या तिघांच्या इतिहासातून उलगडता येतात.

युरोपातील एक तुलना

ह्या प्रश्नाची चर्चा युरोपीय भाषांच्या संदर्भात पूर्वीच पुष्कळ झाली आहे. लॅटिनमध्ये व्यवसायवाचक '-आरिउस्' हा प्रत्यय होता. तो जर्मानिक भाषांनी फार प्राचीन काळी स्वीकारला, असे सामान्यतः मानले जाते. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वुल्फिला ह्या धर्मगुरूने केलेल्या गॉथिक बायबलात 'मोता' म्हणजे जकात आणि 'मोतारेइस्' म्हणजे जकातदार अशी जोडी आढळते. ग्रंथवाचक 'बोका' ह्या शब्दावरून शास्त्री किंवा लेखक ह्या अर्थाचा 'बोकारेइस्' हा शब्दही तेथे येतो. प्रथम नामांना लागणारा हा प्रत्यय पुढे धातूंनाही मोकळेपणाने लागू लागला. इंग्रजीतील '-अर' हा त्याचाच वंशज. जुन्या इंग्रजीत शिकाऱ्याला 'हुन्ता' असा स्वतंत्र घडणीचा शब्द होता. नव्या प्रत्ययाने त्याला मागे सारले आणि 'हंटर' रूढ झाला.

केल्टिक भाषांचा मार्ग अधिक बोधप्रद आहे. आयरिश भाषेने तोच लॅटिन प्रत्यय '-अरे' ह्या रूपात घेतला आणि तो आपल्या शब्दांना लावला. 'इअस्क' म्हणजे मासा हा अस्सल आयरिश शब्द आहे. त्यावरून 'इअस्करे' म्हणजे कोळी हा शब्द झाला. असा शब्द लॅटिनमध्ये कधीच नव्हता. उलट वेल्श भाषेत 'गूर्' म्हणजे पुरुष हा स्वतंत्र शब्दच समासाच्या शेवटी येता येता झिजला आणि '-उर्' असा प्रत्यय होऊन बसला. 'ग्वैथ्' म्हणजे काम आणि 'ग्वैथ्युर्' म्हणजे कामगार. हा 'गूर्' संस्कृत 'वीर' शब्दाचा दूरचा भाऊ आहे.

ह्यावरून एक कसोटी हाती लागते. कोणतीही भाषा परका प्रत्यय सुटा घेत नाही. तो आधी संपूर्ण शब्दांच्या पोटातून येतो. असे पुष्कळ शब्द रुळल्यावर भाषकांना त्यांतील समान शेवट वेगळा जाणवू लागतो. तो शेवट ज्या दिवशी घरच्या शब्दाला लागतो आणि देणाऱ्या भाषेत कधीही नसलेला शब्द निर्माण होतो, त्या दिवसापासून तो प्रत्यय घेणाऱ्या भाषेचा झाला असे मानावे लागते. आयरिशने घेतलेला प्रत्यय आणि वेल्शने घरच्या शब्दापासून घडविलेला प्रत्यय, ह्या दोन्ही प्रकारांना कावेरीच्या खोऱ्यात नेमकी प्रतिरूपे सापडतात.

'-कार' : जुना पाहुणा

संस्कृत 'कृ' धातूपासून झालेला '-कार' मराठीत निदान दोन वेळा आला. पहिल्या खेपेस तो प्राकृतातून झिजत आला. कुंभकार, सुवर्णकार, लोहकार आणि चर्मकार ह्यांचे कुंभार, सोनार, लोहार आणि चांभार झाले. ह्या शब्दांतील '-आर' आज कोणाला प्रत्यय म्हणून जाणवत नाही. दुसऱ्या खेपेस तो संस्कृतातून अखंड घेतला गेला आणि नाटककार, ग्रंथकार ह्यांच्याबरोबर 'बखरकार', 'गझलकार' असे मिश्र शब्दही घडले. इराणी शाखेतील त्याची भावंडे '-गर' आणि '-गार' ही फारसीतून आली : सौदागर, गुन्हेगार. त्यांपैकी '-गार' हा 'काम' ह्या प्राकृतोद्भव शब्दाला लागून 'कामगार' झाला, म्हणजे वरील कसोटीला उतरला.

मराठीतील 'पाळेगार' हा शब्द मात्र ह्या '-गार'शी वरवरचेच साम्य दाखवितो. तो दक्षिणेकडून, कन्नडमधून आला आहे. तमिळात त्याचे रूप 'पाळैयक्कारर्' असे आहे आणि इंग्रजांनी त्याचेच 'पॉलिगर' केले. कन्नडने स्वरांमधील 'क' मृदू करून 'ग' केला. 'केलसगार' (काम करणारा), 'सालगार' (ऋणको) हे शब्दही तसेच आहेत. तमिळात एकेरी 'क' दोन स्वरांमध्ये आला की उच्चारात मृदू होतो. म्हणून तमिळने तो द्वित्त करून कठोर राखला : वेलैक्कारन् (कामकरी, नोकर), कडैक्कारन् (दुकानदार), तोट्टक्कारन् (माळी). हे द्वित्त म्हणजे तमिळ संधिनियमांनी पाहुण्या प्रत्ययावर उमटविलेली पहिली मुद्रा होय.

दुसरी मुद्रा लिंग-वचनाची. मूळ '-कार'ला तमिळने आपले शेवट जोडले : पुरुषासाठी '-क्कारन्', स्त्रीसाठी '-क्कारि', आदरार्थी किंवा अनेकवचनी '-क्कारर्'. फुले विकणारी ती 'पूक्कारि'. तिसरी मुद्रा सर्वांत खोल आहे. तमिळ नाम विभक्तीपूर्वी जे सामान्यरूप घेते त्यालाच हा प्रत्यय लागतो. 'वीडु' म्हणजे घर; त्याच्या 'वीट्टु' ह्या रूपावरून 'वीट्टुक्कारर्' म्हणजे घरमालक. 'कुंभकोणम्'चे सामान्यरूप 'कुंभकोणत्तु'. त्यावरून तेथील रहिवाशाला 'कुंभकोणत्तुक्कारर्' म्हणतात. येथे अर्थही पालटला आहे. करणारा हा मूळचा अर्थ मागे पडून 'त्याच्याशी संबंध असलेला' हा व्यापक अर्थ आला आहे. पणक्कारन् (पैसेवाला), कोपक्कारन् (रागीट), ऊर्क्कारन् (गावकरी) ह्यांत करण्याचा संबंध उरलेला नाही.

मराठीत हेच काम आडनावातील '-कर' करतो. परंतु तंजावूर-कुंभकोणम् भागातील देशस्थ कुटुंबांत '-कर'युक्त आडनावांपेक्षा 'राव' हे उपपद अधिक रूढ आहे. मूळ गाव शेकडो कोस मागे राहिल्यावर '-कर'चे प्रयोजन क्षीण झाले असावे. त्याची जागा दाक्षिणात्य पद्धतीने नावाच्या आद्याक्षराने घेतली. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे ह्या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव ह्यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावूर. महाराष्ट्रात जे 'तंजावूरकर' ह्या आडनावाने सांगितले गेले असते, ते येथे एका अक्षराने सांगितले आहे.

तमिळातील '-क्कारर्'ची प्राचीनता तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवरच नोंदलेली आहे. राजराज चोळाच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकाच्या प्रारंभीच्या तमिळ लेखांत 'वेळैक्कारर्' नावाच्या सैन्यपथकांचे उल्लेख येतात. हा शब्द वर आलेल्या 'वेलैक्कारन्'हून वेगळा आहे. 'वेलै' म्हणजे काम. 'वेळै' म्हणजे मराठीतीलच वेळ. प्रसंगाच्या वेळी प्राण देण्यास सिद्ध असणारे ते वेळैक्कारर्, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे मराठे कावेरीकाठी पोहोचण्याच्या साडेसहाशे वर्षांहून अधिक आधी '-कार' तमिळात स्थिर झाला होता.

'-दार' : कचेरीच्या वाटेने

'-दार'ची गोष्ट निराळी. फारसी 'दार' म्हणजे धारण करणारा. त्याचे मूळ आणि संस्कृत 'धृ' धातूचे मूळ एकच. मराठीतील 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' ह्यापासून आलेला आहे. म्हणजे सुताराच्या शेवटी झिजलेला संस्कृत 'धार' आहे आणि किल्लेदाराच्या शेवटी त्याचाच इराणी भाऊ 'दार' आहे.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूरला मराठी सत्ता स्थापन केली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर गादीही संपली. ह्या राज्याचे जे सुभे होते त्यांत कुंभकोणम् हा एक होता. त्यावर सुभेदार असे. किल्लेदार, हवालदार हे शब्द कारभारात नित्याचे होते. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत काही गावांचा मिळून एक गट करून त्यावर 'पथकदार' नेमण्याची पद्धत आली. मात्र तमिळातील सर्वच '-दार' मराठ्यांनी दिले असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. अर्काटच्या नबाबाची फारसी कचेरी आणि नंतर कंपनीचे महसूल खाते ह्या दोन वाटाही त्याच शब्दांच्या होत्या. तिसऱ्या वाटेवर पुन्हा मराठी भाषकच भेटतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्याच्या महसूल कचेऱ्यांत शिरस्तेदारीसारख्या जागांवर देशस्थ मंडळी मोठ्या प्रमाणावर होती.

आरंभी हे शब्द तमिळात अखंडच आले : तासिल्दार्, जमीन्दार्, मिरासुदार्. त्यांच्या शेवटचा '-आर्' तमिळ कानाला परका वाटला नसावा, कारण नायनार्, मुदलियार् ह्या आदरार्थी शब्दांचा शेवटही तसाच आहे. पुढे '-दार्'ला '-अर्' हा आदरदर्शक शेवट पुन्हा लागला आणि '-दारर्' असा नवा प्रत्यय तयार झाला. आधुनिक तमिळात तो भरपूर प्रसवतो. 'पंगु' म्हणजे वाटा, 'पंगुदारर्' म्हणजे भागधारक. 'ओप्पंदम्' म्हणजे करार, 'ओप्पंददारर्' म्हणजे कंत्राटदार. 'मनु' म्हणजे विनंतिअर्ज, त्यावरून 'मनुदारर्' म्हणजे न्यायालयातील अर्जदार. 'विण्णप्पदारर्' म्हणजे कोणत्याही कचेरीतील अर्जदार. ह्यातील 'विण्णप्पम्' हा शब्द पूर्वीच प्राकृतातून तमिळात आलेला आहे. 'पंगुदारर्' आणि 'ओप्पंददारर्' हे शब्द ना फारसीत होते ना मराठीत. आयरिश 'इअस्करे'प्रमाणेच ते घेणाऱ्या भाषेने स्वतः घडविले आहेत.

हा स्वीकार निवडक आहे. मराठीत '-दार' वस्तूंच्या गुणांनाही लागतो : टोकदार, पाणीदार, डौलदार. तमिळात हा गुणवाचक वापर रुजला नाही. तेथे '-दारर्' माणसापुरता आणि त्यातही कागदोपत्री हक्क किंवा दायित्व असलेल्या माणसापुरता राहिला. त्यामुळे त्याची '-क्कारर्'शी स्पर्धा झाली नाही. धंदा, गाव आणि स्वभाव '-क्कारर्'कडे राहिले. करार, अर्ज आणि खाते '-दारर्'कडे गेले. '-दारन्' असे अनादरार्थी रूप प्रमाण भाषेत रुळले नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. कचेरीतून आलेल्या प्रत्ययाने कचेरीची अदब सोडली नाही.

जो प्रत्यय येऊनही रुजला नाही, त्याचाही विचार करावयास हवा. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून मराठीत फडणीस, पोतनीस, चिटणीस झाले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास बाबूराव चिटणीसांचा आहे. ज्या मंदिराच्या भिंतींवर 'वेळैक्कारर्' आहेत त्याच मंदिरात हा '-नीस'ही आहे. परंतु '-नीस' कोणत्याही तमिळ शब्दाला लागला नाही. कारण उघड दिसते. हिशेब लिहिणाऱ्यासाठी तमिळात 'कणक्कर्', 'कणक्कुप्पिळ्ळै' हे भक्कम शब्द आधीपासून होते. राजसत्तेचा आधार प्रत्ययाला दारापर्यंत आणतो. आत जागा रिकामी असेल तरच तो राहतो.

'-आळ्' आणि समाजाची उतरंड

तिसरा प्रत्यय तमिळचा स्वतःचा. 'आळ्' म्हणजे माणूस. 'पण्णै' म्हणजे शेतवाडी आणि 'पण्णैयाळ्' म्हणजे जमीनमालकाच्या शेतावर बांधून घेतलेला मजूर. वेल्श 'गूर्' ज्या मार्गाने '-उर्' झाला त्याच मार्गावरचा हा शब्द आहे.

कुंभकोणम्-परिसराची भातशेती आणि तिच्यावर उभा असलेला समाज ह्या तीन प्रत्ययांत वाटला गेलेला दिसतो. वरती 'मिरासुदार्', वंशपरंपरेने जमिनीचा हक्क धारण करणारा. घरी आणि दारी राबणारा 'वेलैक्कारन्'. आणि शेतावर 'पण्णैयाळ्'. 'मिरास' म्हणजे वारसा हा अरबी शब्द महाराष्ट्रातही होता. पण तेथील मिरासदार बहुधा स्वतः नांगर धरणारा कुणबी असे आणि त्याच्या उलट 'उपरी' म्हणजे बाहेरून आलेले कूळ असे. तंजावूरचा मिरासुदार अनेकदा स्वतः शेत न कसणारा मालक होता. शब्द तोच, प्रत्यय तोच. त्याखालचा माणूस मात्र बदलला होता. तमिळात ह्या हक्काला 'काणियाट्चि' हा जुना शब्द होता. महसुली दप्तरात त्याच्या जागी 'मिरासी' बसला. ह्या हक्कावर १८१८ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झालेला प्रबंध एफ. डब्ल्यू. एलिस ह्या अधिकाऱ्याचा होता. तमिळ, तेलुगू आदी भाषांचे मूळ संस्कृताहून वेगळे आहे हे १८१६ मध्ये सप्रमाण मांडणारा एलिस तोच. भाषांची कुळे आणि जमिनीची कुळे हे दोन्ही प्रश्न एकाच माणसासमोर आले, हा केवळ योगायोग मानता येत नाही. दोन्हींचे उत्तर कारभाराला हवे होते.

तथापि प्रत्यय जात्याच उच्च किंवा नीच असतो असे मानणे चूक ठरेल. पणक्कारन् हा श्रीमंतच असतो. 'मुदलाळि' म्हणजे मालक आणि 'तोऴिलाळि' म्हणजे कामगार, ह्या दोहोंत 'आळ्' आहेच. मराठीतही '-करी' शेतकऱ्याला कमीपणा देत नाही; मोलकरणीच्या बाबतीत मात्र त्याच घडणीचा शब्द कामाची पायरी दाखवितो. पायरी ठरविणारा घटक शेवटच्या अक्षरात आहे. '-अन्' किंवा नुसते '-आळ्' म्हटले की माणूस खाली राहतो. '-अर्' लागला की वर येतो. वेलैक्कारन् आणि वीट्टुक्कारर् ह्यांतील अंतर 'कार'चे नाही, 'न्' आणि 'र्'चे आहे.

शुद्धीचा प्रश्न

मराठी आणि तमिळ ह्या दोन्ही भाषांत परकीय शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न झाले. शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'शी ज्यांचे नाव जोडले जाते ते रघुनाथपंत हणमंते काही काळ व्यंकोजीराजांच्याच दक्षिणेतील कारभारात होते. १९२५ मध्ये 'फारशी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. तमिळात १९१६ पासून मरैमलै अडिगळ ह्यांच्या प्रेरणेने शुद्ध तमिळची चळवळ उभी राहिली. ह्या प्रयत्नांनी अनेक शब्द बदलले. प्रत्ययांच्या बाबतीत मात्र त्यांचा अनुभव वेगळा आहे. मराठीने 'भागीदारा'शेजारी 'भागधारक' उभा केला, परंतु 'दार' काढून 'धारक' आणणे म्हणजे एका भावाला निरोप देऊन दुसऱ्याला बोलावणे होय. तमिळने '-आळर्' पुढे आणला आणि तो खरोखर स्वतःचा होता. तरीही पंगुदारर् आणि मनुदारर् टिकून आहेत. घरच्या धातूवर एकदा प्रत्यय चढला की त्याला परका ठरविण्यासाठी त्याच्याबरोबर घरचा शब्दही मोडावा लागतो.

ह्या दोन भाषांनी एका शब्दाच्या बाबतीत केलेली निवड विशेष अर्थपूर्ण आहे. १९५२ साली मद्रास सरकारने तंजावूर जिल्ह्यातील कुळे आणि पण्णैयाळ् ह्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कायद्याच्या इंग्रजी नावातही 'पण्णैयाळ्' हा तमिळ शब्द तसाच ठेवावा लागला. त्याच वर्षाच्या आरंभी ह्या प्रदेशात प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली होती आणि पण्णैयाळ् तिच्यात मताचा अधिकारी होता. मत देणाऱ्याला मराठीने 'मतदार' म्हटले. किल्ला आणि मिरास धारण करणाऱ्यांचा प्रत्यय तिने प्रत्येक नागरिकाला दिला. आजची तमिळ त्यालाच 'वाक्काळर्' म्हणते. 'वाक्कु' म्हणजे शब्द किंवा मत. पुढे आहे तो 'आळ्', पण्णैयाळ्मधीलच. आणि त्याच्या शेवटी, इतकी शतके त्याला न मिळालेला 'अर्'.